मोबाईलच्या पेठेत जाताना

बेळगावच्या भाजीपाल्याने भरलेल्या गाड्या रोज घाट उतरून गोव्यात जातात. कोबी, बटाटा, गाजर, ओली मिरची. गोव्यातल्या कितीतरी चुली या मालावर चालतात. पण ज्या शेतकऱ्याने तो कोबी पिकवला त्याला तो मडगावात कोणाच्या ताटात गेला हे ठाऊक नसते, आणि खाणाऱ्यालाही तो कोणत्या शिवारातून आला हे माहीत नसते. मधे अडत्या, ठोक व्यापारी, गाडीवाला आणि किरकोळ दुकानदार उभे असतात. प्रत्येकजण आपले काम करतो आणि आपला वाटा घेतो. त्यात गैर काही नाही. मात्र सर्वांचे वाटे गेल्यावर जे उरते ते शेतकऱ्याचे, आणि ते किती असावे हे ठरवताना त्याला कोणी विचारत नाही.

आता आपल्या बहुतेक घरांत मोबाईल आला आहे. मुले सांगतात, "बाबा, फोनवर टाकूया, माल घरबसल्या विकला जाईल." काही घरांत यावरून वादही होतात. वडीलधारी मंडळींना हे पोरखेळ वाटतात आणि मुलांना वडील जुन्या वळणाचे वाटतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून या वेळी शेती व आरोग्याच्या या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे: फोनवरच्या बाजारात शेतकऱ्याने जावे का, आणि जायचे तर बरोबर काय न्यावे?

ओळखी वाढवण्याची बैठक

शहरातील छोटे व्यावसायिक हल्ली महिन्या-दोन महिन्यांनी एकत्र जमतात. या जमण्याला ते 'नेटवर्किंग मीटअप' म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचे तर ओळखी वाढवण्याची बैठक. समाजमाध्यमे आणि त्यांवरचा व्यापार या विषयावर बेळगावात अशी एक बैठक भरली होती. खानापूर तालुक्यातून आम्ही सहाजण तिला गेलो: दोघे ऊस करणारे, एक काजू बागायतदार, लोणची-पापड करणाऱ्या दोन भगिनी आणि हा मजकूर लिहिणारे आम्ही.

सभागृहात चाळीसेक माणसे होती. केक करणाऱ्या मुली, घरगुती मसालेवाल्या, कपडे शिवणाऱ्या, फोटो काढणारे, कुरिअरचे एक प्रतिनिधी. शेतकरी म्हणावेत असे आम्हीच काय ते. प्रथम प्रत्येकाने उठून एका मिनिटात आपली ओळख करून द्यायची होती. आपण काय विकतो, कोणासाठी आणि कोठे मिळते, एवढेच. ऐकायला सोपे, पण अनेकांची त्रेधा उडाली. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे सगळे मिळते." त्यांच्याकडे पुन्हा कोणी वळले नाही. आमच्याबरोबरचे ऊसवाले उभे राहिले आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "दोन एकर ऊस आहे. गूळ घरच्या गुऱ्हाळात होतो. रंग काळसर असतो, कारण तो उजळ करायला आम्ही पावडर घालत नाही. एक किलोची ढेप असते. मार्चपर्यंत मिळेल, पुढे नाही." चहाच्या वेळी त्यांच्याभोवती पाच-सहा जण जमले आणि त्यांनी नंबर लिहून घेतले.

आपल्याकडे म्हण आहे की बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोने खपत नाही. त्या दिवशी आम्हाला या म्हणीची दुसरी बाजू दिसली. थोडे, नेमके आणि खरे बोलणाऱ्याचा मालही खपतो. 'मार्चपर्यंत मिळेल, पुढे नाही' हे वाक्य ऐकून गिऱ्हाईक पळाले नाही, उलट त्याचा विश्वास बसला.

त्यानंतर तिघांची भाषणे झाली. पहिला तरुण म्हणाला, रोज एक छोटी चित्रफीत टाका, लोक आपोआप मागे येतील. दुसऱ्या वक्त्या हळदपूड विकणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितले की नव्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो, "हे कोण करते?" असा असतो. त्यांनी आपल्या चक्कीचा, वाळवणाचा आणि स्वतःच्या हातांचा फोटो टाकला, तेव्हापासून मागणी वाढली. तिसरे कुरिअरवाले. त्यांचे बोलणे सर्वांत रूक्ष, पण आमच्या मते सर्वांत उपयोगाचे. वजन, खोके, पिनकोड आणि परत आलेला माल याखेरीज ते काही बोललेच नाहीत.

ही युक्ती जुनीच

फोन नवा असला तरी गिऱ्हाइकापर्यंत थेट जाण्याची धडपड नवी नाही. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील दूधउत्पादकांची गोष्ट पाहा. त्यांचे दूध मुंबईला जाई, पण ते विकत घेण्याचा मक्ता एकाच खाजगी डेअरीकडे होता आणि भाव मध्यस्थ ठरवीत. १९४६ साली शेतकऱ्यांनी त्या व्यवस्थेला दूध घालणे बंद केले आणि त्याच वर्षी त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढारीपणाखाली स्वतःचा सहकारी संघ स्थापला. दोन गावांच्या सोसायट्या आणि दिवसाला सुमारे २४७ लिटर दूध एवढ्यावर तो सुरू झाला. १९४९ साली डॉ. व्हर्गीस कुरियन आणंदला आले. पुढे याच संघाच्या मालाला 'अमूल' हे नाव मिळाले.

या संघाचे बळ कशात होते? गावोगावी दूध मोजून घेतले जाई, त्यातील स्निग्धांश तपासला जाई आणि त्याप्रमाणे पैसे दिले जात. पाणी घालणाऱ्याला आणि न घालणाऱ्याला एकच भाव मिळत नसे. आधी माप, मग नाव, असा तो क्रम होता.

दुसरे उदाहरण आपल्या भगिनींचे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. तीच आजची लिज्जत पापडाची संस्था. त्यांच्याकडे फोन नव्हता, जाहिरातीला पैसाही नव्हता. पण पीठ एका जागी मळून घरोघरी वाटायचे आणि लाटलेला पापड तपासूनच घ्यायचा ही शिस्त होती. त्यामुळे शंभर घरांत लाटलेल्या पापडाची चव एकच राहिली.

आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच. समाजमाध्यम विश्वास निर्माण करीत नाही. असलेला विश्वास ते लांबवर नेते, आणि नसलेल्या विश्वासाची बोंबही तितक्याच लांब नेते. मापात पाप असेल तर आठवड्याच्या बाजारात ते दहा लोकांना कळते, फोनवर दहा गावांना कळते.

भाड्याची जागा

बैठकीतल्या त्या पहिल्या तरुणाच्या उत्साहाला एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब किंवा व्हॉट्सअॅपवर आपण जे दुकान मांडतो ती आपली जागा नव्हे. ती भाड्याची आहे. भाडे पैशात द्यावे लागत नाही म्हणून ते लक्षात येत नाही. पण कोणाला आपला माल दाखवायचा आणि कोणाला नाही हे मालक ठरवतो आणि नियमही तोच बदलतो.

दोन घटना ध्यानात ठेवाव्यात. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. तिथे लाखो लोकांना मागे जमवलेल्या अनेकांचे दुकान एका रात्रीत बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ही तिन्ही सुमारे सहा तास जगभर बंद पडली. त्या संध्याकाळी ज्यांची सारी गिऱ्हाइके फक्त फोनमध्ये होती त्यांना हात चोळत बसावे लागले.

म्हणून आमची पहिली सूचना अगदी जुन्या पद्धतीची आहे. एक वही करा. गिऱ्हाइकाचे नाव, गाव, फोन, काय नेले, कधी नेले आणि पैसे आले की नाही हे तीत लिहा. फोन पाण्यात पडेल, खाते कोणी बळकावील, पण वही कपाटात राहील. शिवाय हंगाम संपल्यावर ती वही वाचली की पुढच्या वर्षी किती ढेपा कराव्यात याचा अंदाज येतो. फोनवर मिळालेले 'लाईक' मोजून तो येत नाही. चित्र आवडले म्हणणारा आणि पैसे देऊन माल नेणारा ही दोन वेगळी माणसे आहेत.

सुरुवातीला व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप पुरेसे आहे. ते भारतात २०१८ साली आले आणि लहान दुकानदारांसाठी मोफत आहे. त्यात मालाची चित्रे किमतीसह मांडून ठेवता येतात, पत्ता व वेळ लिहिता येते आणि रात्री-अपरात्री आलेल्या निरोपाला आपोआप उत्तर जाईल अशी सोय करता येते. एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवण्याची 'ब्रॉडकास्ट' यादीही आहे. पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. म्हणून माल देतानाच गिऱ्हाइकाला नंबर जतन करायला सांगावे. एक विनंती मात्र आहे. धर्मग्रामाच्या सूचनांसाठी केलेल्या ग्रुपवर गुळाचे आणि काजूचे भाव टाकू नयेत. तिथे आजारपणाचे, दफनविधीचे निरोप येतात. विक्रीसाठी वेगळा ग्रुप करावा आणि ज्याची इच्छा असेल त्यालाच त्यात घ्यावे.

हिशेब कागदावर करा

आता कुरिअरवाल्यांच्या रूक्ष बोलण्याकडे वळू. खालचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, आपल्या गावचे दर घालून प्रत्येकाने स्वतः हिशेब करावा.

समजा अडत्याकडे गुळाला किलोमागे ५० रुपये मिळतात आणि फोनवर आपण ९० रुपये भाव लावला. किलोमागे ४० रुपये सुटतील असे वाटते. पण एका किलोच्या पार्सलला खोके, कागद आणि चिकटपट्टी मिळून १२ रुपये गेले आणि पाठवणीला ५० रुपये लागले, तर हाती २८ रुपये उरतात. म्हणजे अडत्यापेक्षा २२ रुपये कमी, आणि वर खोके बांधण्याचे श्रम वेगळेच.

तोच दहा किलोचा माल एका पत्त्यावर गेला तर काय होते? विक्री ९०० रुपये. मोठे खोके ४० रुपये, बसच्या पार्सलने पाठवणी १५० रुपये. उरले ७१० रुपये, म्हणजे किलोला ७१. अडत्यापेक्षा २१ रुपये जास्त. माल तोच, भाव तोच, फोनही तोच. फरक पडला तो दहा गिऱ्हाइकांना एका ठिकाणी जोडल्यामुळे.

आपल्या भागातील किती घरांतली माणसे मडगाव, वास्को, पुणे, मुंबई येथे नोकरीला आहेत हे आठवून पाहा. त्यातल्या एखाद्याच्या इमारतीत दहा घरांची मागणी गोळा झाली की ती एका खोक्यात जाऊ शकते. ज्या नातेवाइकाच्या दारात खोके उतरते त्याला त्याच्या तसदीबद्दल एक ढेप द्यावी. फुकटची हमाली दोन वेळा होते, तिसऱ्या वेळी होत नाही.

आणखी दोन खर्च लोक विसरतात. पहिला, परत आलेला माल. 'माल मिळाल्यावर पैसे' या पद्धतीत गिऱ्हाईक दारात नको म्हणाले की जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही भाडे आपल्या डोक्यावर बसते. ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाकडून निदान पाठवणीचे पैसे आधी घ्यावेत. दुसरा, खराब झालेला माल. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते. दमट हवेत पापड नरम पडतात. नीट न वाळलेल्या शेंगदाण्याला व मिरचीला बुरशी येते, आणि तिच्यातले काही विष यकृताला घातक असते. ते भाजल्याने किंवा शिजवल्याने पूर्ण जात नाही. म्हणून पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोणता माल पाठवायचाच नाही, हे आधी ठरवावे आणि तसे फोनवर लिहूनही ठेवावे.

गोड गूळ आणि कडू जाहिरात

त्या बैठकीत एक पाकीट हातोहात फिरत होते. त्यावर छापले होते: 'औषधी गूळ, मधुमेही रुग्णांना चालतो.' हे वाचून आमच्याबरोबरच्या भगिनींपैकी एकीने हळूच विचारले, "खरंच चालतो का हो? आमच्या ह्यांना साखर आहे."

या प्रश्नाचे उत्तर या पानावर स्पष्ट देणे आमचे कर्तव्य आहे. नाही, चालत नाही. गुळात लोह आणि इतर क्षार थोडे असतात, पण त्याचा बराच मोठा भाग साखरच असतो. गूळ काळा असो, पिवळा असो, सेंद्रिय असो, तो खाल्ल्यावर रक्तातील साखर वाढते. मधुमेह असलेल्याने साखरेच्या जागी गूळ मनसोक्त खाल्ला तर त्याच्या डोळ्यांना, पायांना आणि मूत्रपिंडांना धोका संभवतो. मधाचेही तसेच. शिवाय मध एक वर्षाच्या आतील बाळाला चाटवूही नये. त्यात कधी कधी असे जंतू असतात की मोठ्यांना ते काही करीत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून त्याला जीवघेणा आजार करू शकतात.

आठवड्याच्या बाजारात कोणी "माझ्या गुळाने साखर उतरते" असे ओरडले तर शेजारचा दुकानदार हसून त्याला गप्प करी. फोनवर ते वाक्य हजारो लोकांपर्यंत जाते आणि त्यातला एखादा आजारी मनुष्य ते खरे मानून गोळी बंद करतो. तो आपल्याला कधी भेटणार नाही, पण त्याचे नुकसान आपल्या शब्दाने झालेले असेल. कायद्यानेही हे चालत नाही. अन्नपदार्थाबद्दल फसवा दावा करण्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मनाई आहे आणि ठरावीक रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ पासूनच वेगळा कायदा आहे. आपला गूळ गोड आहे, स्वच्छ आहे आणि पावडर न घालता केलेला आहे, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

पाकिटावर काय असावे

शेतात पिकवलेला माल जसा आहे तसा विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी लागत नाही. पण लोणचे, मसाला, पापड, गूळ असा तयार माल विकायचा झाला की नोंदणी हवी. लहान उत्पादकांसाठी ती साधी व अल्प शुल्काची आहे. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. बंद पाकिटावर मालाचे नाव, करणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष, कधीपर्यंत वापरावे, त्यात काय काय घातले आहे आणि तक्रारीसाठी फोन ही माहिती हवी. शाकाहारी पदार्थावर हिरवे चिन्ह असते. वजनाचा काटा प्रमाणित करून घेतलेला असावा.

बेळगावहून गोव्याला किंवा महाराष्ट्राला माल पाठवणे म्हणजे दुसऱ्या राज्यात विकणे, हेही विसरू नये. स्वतःच्या जमिनीतले पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, पण तयार व पाकीटबंद मालाचे नियम वेगळे आहेत. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या जाणकार कर सल्लागाराला एकदा विचारून घेतले तर पुढची धावपळ वाचते.

नाताळाच्या दिवसांत नेवऱ्या, दोदोल यांची मागणी चांगली येते. ती जरूर घ्यावी. पण घरी केलेली वाईन फोनवर विकायला काढू नये. दारूची विक्री परवान्याशिवाय करणे हा गुन्हा आहे, मग ती कितीही घरगुती असो, आणि आपण टाकलेले चित्र हाच आपल्याविरुद्धचा पुरावा होतो.

ठकांपासून सावध

बैठकीत एका प्रौढ बाईंनी उठून आपला अनुभव सांगितला. तो सर्वांनी ऐकावा असा होता. त्या मसाले विकतात. एके दिवशी फोन आला, "मी लष्करातून बोलतो, छावणीसाठी वीस किलो मसाला हवा. पैसे आधीच पाठवतो. मी पाठवलेले चित्र स्कॅन करा आणि तुमचा पिन दाबा, रक्कम जमा होईल." बाईंनी तसे केले. जमा होण्याऐवजी त्यांच्या खात्यातून रक्कम गेली. मसाला दळून तयार होता. त्यासाठीची मिरची त्यांनी उधारीवर आणली होती.

हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. सभागृहात कोणी हसले नाही. फसणारा मूर्ख असतो असे नाही. मोठी मागणी आल्याच्या आनंदात तो घाईत असतो, आणि ठकाला तीच घाई हवी असते.

म्हणून हे नियम घरातल्या सर्वांनी पाठ करावेत:

पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. पैसे यायचे आहेत असे सांगून कोणी पिन मागितला किंवा चित्र स्कॅन करायला लावले तर फोन ठेवून द्यावा.

पैसे पाठवल्याचे चित्र दाखवले म्हणजे पैसे आले असे नव्हे. अशी चित्रे खोटी करता येतात. आपल्या बँकखात्यात रक्कम दिसल्यावरच माल द्यावा.

फोनवर आलेला सहा आकडी ओटीपी कोणालाही सांगू नये, बँकेचा मनुष्य म्हणवणाऱ्यालाही नाही. व्हॉट्सअॅपच्या खात्याला दुहेरी पडताळणीचा पिन लावून घ्यावा.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक.

डोळे, मान आणि झोप

फोनच्या धंद्यात शरीराचीही झीज होते. वीस मिनिटे पडद्याकडे पाहिले की वीस सेकंद वीस फुटांपलीकडच्या झाडाकडे पाहावे, डोळ्यांचा ताण कमी होतो. फोन मांडीवर ठेवून मान वाकवण्याऐवजी तो डोळ्यांसमोर धरावा. एकाच अंगठ्याने सतत टंकल्यास अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते. त्यापेक्षा बोलून निरोप पाठवावा. वयस्क गिऱ्हाइकांना तो अधिक आवडतोही. रात्री नऊनंतर दुकान बंद, असे ठरवून फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. पहाटे धारेला उठणाऱ्या माणसाची झोप मागणीपेक्षा महाग आहे.

आणि एक कळकळीची सूचना: कडबाकुट्टी, मळणीयंत्र, चरक किंवा ट्रॅक्टर चालू असताना चित्रीकरण करू नये. उकळत्या काहिलीजवळ मुलांना फोन घेऊन उभे करू नये. चित्र पुन्हा काढता येते, हात पुन्हा येत नाही.

चार घरांनी सुरुवात करावी

आता प्रत्यक्ष काय करावे? आमच्या मते एकट्या घराने दुकान मांडण्यापेक्षा चार-पाच घरांनी मिळून ते मांडावे. एका घरचा गूळ जानेवारीत संपतो, दुसऱ्याचा मार्चपर्यंत पुरतो. एकाकडे काजू, दुसऱ्याकडे हळद, तिसऱ्याकडे तांदूळ. गिऱ्हाइकाला एका नंबरावर चार वस्तू मिळतात आणि एका खोक्यात त्या जातात.

कामे वाटून घ्यावीत. ज्या मुलाला किंवा मुलीला फोनचे चांगले कळते त्यांनी चित्रे आणि निरोप सांभाळावेत. चित्र सकाळच्या उन्हात काढावे, माल काट्यावर ठेवून काढावे म्हणजे वजनही दिसते. मजकूर मराठीत असावा, गोव्यासाठी कोंकणीत आणि शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी कानडीतही दोन ओळी असाव्यात. ज्यांचा हात मापात आणि पारखीत बसलेला आहे अशा वडीलधाऱ्यांनी माल तपासावा. त्यांनी नापसंत केलेली ढेप खोक्यात जाता कामा नये, मग ती त्यांच्या सख्ख्या भावाची का असेना. वही तिसऱ्याच घराकडे असावी, आणि महिन्यातून एकदा ती सर्वांसमोर उघडावी. पैशाचा घोळ सर्वांत आधी मैत्री मोडतो.

पहिल्या हंगामात सगळा माल फोनवर लावू नये. दहातला एक वाटा ठेवावा, नऊ वाटे नेहमीच्या अडत्याकडेच जाऊ द्यावेत. अडत्याशी तंटा करून निघण्याचे कारण नाही. अडीअडचणीला उचल तोच देतो आणि उरलेला माल एकदम तोच उचलतो. हंगाम संपल्यावर वही घेऊन बसावे. किती माल परत आला, किती खराब झाला, किलोमागे खरोखर किती उरले आणि किती गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा मागवले, हे चार आकडे काढावेत. दुसऱ्यांदा मागवणारी माणसे निम्म्याहून कमी असतील तर दोष फोनमध्ये शोधू नये, मालात किंवा वागणुकीत शोधावा. जास्त असतील तर पुढच्या वर्षी दोन वाटे लावावेत.

गुऱ्हाळे पेटायला अजून अवकाश असेल तेव्हाच हे ठरवावे. काहील चुलीवर चढल्यावर वही शोधायला कोणाला वेळ नसतो.